लाल कुंडीचं दार

—नाही हो, उठताय कशाला? बसा. बाक काय माझ्या बापाने घडवलाय? तुम्ही तुमचं पुस्तक वाचा, मी आपला बडबडतो. ऐकलं तर ऐका, नाहीतर सोडून द्या — उभा जन्म इंजिनाशी बोलण्यात गेला माझा, ते कुठे उत्तर देत होतं! हां, ट्रक. ट्रकड्रायव्हर होतो मी. तोंडावरून कळत नाही? — कळतं ना, मग म्हणा की तसं, चष्मेवाले, लाजता काय. असल्या हॉटेलात हा कुठून आला, हेच आलं ना तुमच्या मनात? माझ्याही आलं. पोरीने आणलंय. पोरगी आणि जावई. म्हणे, बाबा, जन्मभर ट्रकच्या सीटवर झोपलात, आता चार दिवस राजासारखे राहा. राजासारखे! राजाला असल्या खोलीत टाकला असता तर दुसऱ्या दिवशी राज्य सोडून पळाला असता. भिंती बघा, हात पसरला तरी जाडी मावत नाही. खिडकी म्हणजे मांजराने डोकं घालावं एवढी. आणि दारं — दारं बघितलीत ना? नीट बघा, चौकाच्या चारी बाजूंनी बघा. सगळी एकसारखी. तेच काळं लाकूड, तेच लोखंडी खिळे, तीच कडी. कुठे आकडा म्हणून नाही. का नाही, तर जुन्या दगडाला नवा खिळा ठोकायची परवानगी नाही म्हणे. अरे, मग खडूने तरी लिहा! तेही नाही. खाली उंबऱ्याशी एवढीशी फरशी, तिच्यात खोलीचं नाव कोरलेलं, कुठल्याशा पक्ष्याचं — वेलबुट्टी नुसती. मी शिकलोय दुसरीपर्यंत, त्यातही अर्धा वेळ वर्गाबाहेर उभा. मला साधी सरळ अक्षरं जुळवताना घाम फुटतो, ती वेलबुट्टी काय वाचणार, कपाळ?

तुमची कुठली खोली? — बघा, पटकन सांगितलंत. माझी? माझी आहे की. त्या बाजूची. म्हणजे… ह्या. पक्षीच आहे कुठलातरी. पोरीने दोनदा सांगितलं होतं नाव. असू दे हो, तुम्हाला काय करायचंय? माझ्याकडे जेवायला येणार आहात?

काय? टकटक? — हो, मलाही येतेय ऐकू, बहिरा नाही मी. एका कानाने बहिरा आहे, खिडकीकडच्या. वाऱ्याने खाल्ला तो कान. सुतार असेल कोणीतरी. असल्या म्हाताऱ्या इमारतीत काही ना काही ठोकाठोक चालायचीच. तुम्ही वाचा.

तुम्हाला माहितीये, इथे आधी काय होतं? नाही ना? आलो तेव्हा काउंटरवरच्या त्या काळ्या कोटवाल्या बाईने सांगितलं — हसत हसत, हातात सरबताचे ग्लास देत. शेकडो वर्षांपूर्वी इथे साथीच्या रोगाचे लोक आणून ठेवायचे. ह्याच खोल्यांत. म्हणून कड्या बाहेरून. आत माणूस, बाहेर कडी, आणि भाकरी त्या मांजराच्या खिडकीतून. "आम्ही सगळं मूळ होतं तसंच जपलंय." जपलंय! मेलेल्यांच्या जागेवर मऊ गादी घातली, वर पाच उशा रचल्या, की झालं! एका माणसाला पाच उशा, डोकं किती असतं हो माणसाला? पोरगी तिकडे फोटो काढतेय आणि मी ती कडी बघतोय. तेव्हापासून नजर सारखी त्या कडीकडेच जाते. मी घाटात ब्रेक गेलेली गाडी उतरवलीय, चष्मेवाले. तेव्हा भ्यालो नव्हतो. तेव्हा हातात स्टिअरिंग होतं ना.

हे? थर्मास आहे. गरम पाणी. स्वयंपाकघरातून आणलं, हिच्यासाठी. ही म्हणजे आमची म्हातारी, बायको माझी, आत आहे खोलीत. पडलीये. गरम पाणी… होतं गरम. आता कोमट झालं असेल. मी जरा बसलो ना इथे. ऊन बरं वाटलं. माणसाने बसू नये का घटकाभर?

परत वाजलं. दोन ठोके. ऐकलंत?

ते कारंजं बंद नाही का करता येत हो? सारखी पिरपिर पिरपिर. आणि ह्या कमानी. आवाज ह्या खांबावर आपटतो, त्या खांबावर जातो, कुठून आला कळायला मार्ग नाही. तुम्हाला कळतंय का, कुठल्या बाजूने येतोय? — नाही, सहज विचारलं. सुताराला चार शब्द सुनवावे म्हणतो.

…तुम्ही त्या टॉवेलवाल्याचे कोण नव्हेत ना? मघाशी आरडाओरडा झाला तो ऐकला असेल तुम्ही. मीच होतो. माझंच दार समजून किल्ली घातली, फिरवतोय, फिरवतोय, तर आतून हा बाप्या टॉवेल धरून बाहेर! साबण तसाच कानात. चोर चोर म्हणून ओरडला. एवढी मोठी गदेसारखी किल्ली घेऊन चोर येतो का कधी? मग ती काळी कोटवाली आली. "आजोबा, काही मदत हवीये का?" म्हटलं, नको. "तुमच्या मुलीला फोन करू का? त्यांनी नंबर देऊन ठेवलाय." म्हटलं, बाई, पाया पडतो, फोन तेवढा करू नको. तेव्हापासून ती त्या काचेआडून बघतेय. वळून बघू नका! बोलत राहा माझ्याशी. म्हणजे बोलू नका, नुसती मान हलवा. दोन माणसं गप्पा मारत बसलीयेत असं दिसलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा चळलाय. नाही. मी खूण धरली होती. पाट्या वाचून गाडी चालवणारे चुकतात, खूण धरणारा कधी चुकत नाही — वाकडं झाड आलं की डावीकडे, पत्र्याच्या शेडनंतर चढ. सगळा मुलूख मी असाच फिरलो, एक पाटी न वाचता. इथे पण धरली. आमच्या दाराशी लाल फुलांची कुंडी, बाकी सगळ्यांच्या पांढऱ्या. हिला पण दाखवली, म्हटलं, बघ, लाल कुंडी, आपलं दार. ती डोळ्यांनीच हसली. सकाळभर जात-येत होतो, बिनचूक. आणि आता पाणी घेऊन येतो तर लाल कुंडीच्या दारात तो साबणवाला! माळ्याला विचारलं. माळी म्हणतो, आजोबा, कुंड्यांना खाली चाकं आहेत, ऊन सरकलं की आम्ही कुंड्या सरकवतो. सगळ्याच. रोजच. अरे भल्या माणसा, झाडं कधी चालतात का? माझ्या जन्मात कुठलं झाड माझ्या मागे जागा सोडून गेलं नाही! म्हटलं, ही आधी कुठे होती? तर म्हणतो, मी आत्ता आलोय कामाला, सकाळचा दुसरा होता.

झालं. कळलं तुम्हाला. कळू दे. दार सापडत नाहीये मला. हसा. — हसत नाही ना? बरं.

आणि ते सुतार-बितार कोणी नाही. ती आहे आमची. चमच्याने पलंगाची लोखंडी दांडी वाजवतेय. तिची वाचा गेलीये, झटका आला तेव्हापासून, आणि पाय पण. ओरडता येत नाही तिला. मग मीच शिकवलं, आमच्या ट्रकचं. क्लीनर मागून पत्रा वाजवतो ना — एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, येऊ दे. तिने दोन वाजवले की मी हजर. पोचेपर्यंत वाजवत राहते, दमतच नाही. पाणी, चादर, काहीही असो. आणि दार मी बाहेरून बंद केलंय. कुलूप. किल्ली ही काय. का म्हणजे? झाडूपोछावाल्या पोरी धाडकन आत शिरतात, ही उघडीवाघडी पडलेली, हिला नको म्हणता येत नाही. तिनेच खुणेने सांगितलं, लाव म्हणून. मी लावलं. लावताना तीच कडी, साथीच्या रोग्यांची… जाऊ दे.

मग सांगा की काळ्या कोटवालीला, असंच म्हणाल ना? ती उघडेल एका मिनिटात. हो, उघडेल. आणि पोरीला फोन करेल. तुम्हाला ठाऊक नाही. हे चार दिवस मजेचे नाहीत हो, परीक्षा आहे. पोरगी वाईट नाही, रडतच बोलली. म्हणाली, बाबा, तुमच्याच्याने आईचं होत नाही. आजारी म्हाताऱ्यांना ठेवायची एक जागा आहे, तिथे नर्स असते, डॉक्टर असतो, आईला तिथे ठेवू, तुम्ही आमच्याकडे या. मी म्हटलं, होतं. सगळं होतं माझ्याच्याने. ती म्हणाली, चार दिवस बघू. बाजारात गेलीये नवऱ्याबरोबर, चहाच्या वेळेला येते म्हणाली. येईलच.

खरं सांगू? तिला वाटतं मी आईला सांभाळतो. उलटं आहे. घरी गोळी घेतली का, गॅस बंद केला का, आज वार कुठला — मला राहत नाही डोक्यात. गळून जातं. म्हातारी बघत असते पडल्या पडल्या. मी औषध विसरलो की दांडी वाजते. गॅस राहिला की वाजते. एकदा मी तिलाच विचारलं, अगं, आपली पोरगी कुठल्या गावी दिली? — तिने चमचा खाली ठेवला आणि माझा हात धरला. बराच वेळ. म्हणजे पाय माझे, डोकं तिचं, असं एक अख्खं माणूस होतं आमचं दोघांचं मिळून. ते कोणी तोडलं की ती तिकडे मुकी पडणार, आणि मी इकडे नातवाला पण ओळखणार नाही. हे पोरीला माहीत नाही. तुम्हालाच पहिल्यांदा… कशाला बोललो मी हे? तुम्ही असे गप्प बसता ना, म्हणून माणूस घसरतो.

ऐका, एक काम करा माझं. तुमचे दोन्ही कान शाबूत आहेत. उठा, पुस्तक हातात ठेवा, फिरायला निघाल्यासारखे चौकातून चाला. दाराशी थांबू नका, नुसता कान द्या. जिथे जास्त मोठं वाजेल तिथे पुस्तक खाली पाडा. बस. मी येतो मागून. पोरगी यायच्या आत मी आत असेन, पाणी पाजत. तुमचे उपकार — अहो, उठा की! काय बघताय? कुठे?

आली. फाटकात तीच. पिशव्या घेतल्यात नवऱ्याने. बसा, बसा परत! हसा जरा. हां, असं. तिला सांगा, तुमचे वडील फार मजेशीर बोलतात. मी म्हणेन, आई झोपलीये, म्हणून बाहेर बसलोय. एवढंच. तिने आधी मला बघायला नको, आधी ती खोलीकडे गेली तर मलाच दार कळेल, मी मागून… हे बरंय, हे बरंय की! जा गं, जा, सरळ जा — च्च, हात हलवतेय. इकडेच येतेय. हसा.

एक.

एकच वाजलं आत्ता. ऐकलंत? दोन नाही, एक. एक म्हणजे थांब. कोणाला थांब म्हणतेय? दुसरा वाजला का? तुम्हाला आला का ऐकू? अहो, बोला ना, आता तरी तोंड उघडा! चमचा पडला असेल. पडला असेल ना हातातून? नाहीतर ती थांबत नाही, मी पोचेपर्यंत ती थांबत नाही, कधीच नाही… ते कारंजं बंद करा कोणीतरी!

काही नाही. काहीच वाजत नाहीये.

सरका. धरू नका मला. सरका म्हणतो ना, तुमचं काम झालं, घ्या ते पुस्तक तुमचं. — पोरी! ए पोरी, पिशव्या टाक त्या, पळत ये! मला आईचं दार सापडत नाहीये. ही किल्ली घे. कुठलं ते तू सांग, मला नाही ठाऊक, मला काहीच ठाऊक नाही गं — मग तुला कुठे न्यायचं तिथे ने आम्हाला, आधी ते दार उघड!