फक्त पाव!

...दोन तास! रोज! उघड्यावर! अहो, मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, अख्खं आयुष्य टेबलावर वाकून गेलं, सूर्याची आणि माझी साधी तोंडओळख नाही, आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मलाच सांगतात, "मुलीला रोज दोन तास बाहेर न्या!" बरं, त्यांचं तरी काय चुकलं? लेक नऊ वर्षांची, आणि दीड वर्षात नंबर एकवरून सव्वादोनवर! माझा स्वतःचा मायनस नऊ. चष्मा काढला की बायकोला मी आवाजावरून ओळखतो... आणि एकदा मेहुणीला... जाऊ द्या! पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी सरळ हात जोडले. म्हटलं, "बाई, हिचा नंबर घालवा हो!"

"जाणार नाही," बाई म्हणाल्या, "पण वाढायचा वेग कमी करता येतो. बुबुळ नाही, अख्खा डोळाच लांबत चाललाय तिचा. फार लांबला तर पुढे डोळ्यातल्या पडद्याला धोका. हा खास काचांचा चष्मा, हे रोजचे थेंब, आणि दोन तास बाहेर!"

घरी सासरेबुवा तयारच! नाकातून, "जावईबापू, चष्म्यानंच डोळे आळशी होतात, फेकून द्या तो!" आईचं निराळंच, "अरे, गाजरं दे तिला, गाजरं!" दिली हो! आठवड्यानं लेक म्हणते, "बाबा, मला अजून फळा दिसत नाही, पण ससे आवडायला लागलेत."

मग काय, दुकान चारला बंद आणि मैदान! दोन तास! रोज! उघड्यावर! पहिल्या दिवशी दहा मिनिटांत दमलो, बाकावर टेकलो, हळूच खिशातून एक बिघडलेलं घड्याळ काढलं, तर लेक कमरेवर हात ठेवून समोर हजर, "बाबा! लांब बघायचं!" लांब बघितलं, तर चेंडू नाकावर! वर्षात माझेच दोन चष्मे फुटले. गिऱ्हाइकं मैदानात यायला लागली! एक पेन्शनर काका "घड्याळ मागं पडतंय" म्हणत आले, ते लपंडावात राज्य घेऊन तासभर आम्हाला शोधत बसले! पाऊस आला, छत्री उघडली, पण दोन तास म्हणजे दोन तास!

आणि मग वर्षानं तपासणी. लेक खुर्चीत, मी दारात. बाई काच घालतायत, काढतायत, घालतायत... "अडीच."

नर्सताई माझ्याकडे बघून हळहळल्या, "वाढला हो थोडा..."

थोडा?! अहो ताई, पाव! फक्त पाव! दीड वर्षात सव्वा वाढणारा नंबर, अख्ख्या वर्षात पाव! मी लेकीला उचललं, बाहेर धावलो, तिथं डोळ्यांत थेंब घालून मिटून बसलेली पंधरा माणसं, मी ओरडलो, "पाव वाढला! पाव वाढला!" एक आजोबा डोळे न उघडताच म्हणाले, "परत? आणि बिस्किटं?"

बाई बाहेर आल्या, हसत म्हणाल्या, "बाबा, जिंकलात तुम्ही!" मी लेकीला खाली उतरवलं, चष्मा पुसला. म्हटलं, "मग आता मैदान बंद ना?"

"छे! वाढीचं वय संपेपर्यंत. सोळा-सतरापर्यंत तरी."

म्हणजे अजून सहा-सात वर्षं! दोन तास! रोज! मी म्हटलं, "बाई, तोवर माझ्या गुडघ्यांचं काय?"

बाईंनी बोट वर केलं. "हाडांचे डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद आहे."

चढलो.