नोटेची मागची बाजू

सप्टेंबर २०२१, मेलबर्नजवळचं वेरिबी. लसीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी मराठीत बोलत होत्या. मध्ये दीड मीटरचं अंतर, त्यामुळे आवाज चढलेले.

“लुर्डस, तुझा नवरा कसा आहे गं, फ्रान्सिस?”

“आयसीयूत. भेटायला सोडत नाहीत. नर्स आयपॅड धरायची आणि हा रोज एकच विचारायचा, अमेरिकेहून माझी नोट आली का?”

“अजून ते जुन्या नोटांचं वेड आहेच?”

“ही सतराशे त्र्याहत्तरची, वेंडी. तिथे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची. नऊ वर्षं शोधत होता.”

“मग आली का?”

“तीन आठवडे झाले. मी घरात येणारी प्रत्येक वस्तू पुसते ना, तशी तीही पुसली. ब्लीचच्या वाइपने.”

“देवा! नोट कोण पुसतं?”

“टपालातून कोरोना घरात येईल ही भीती. छापलेलं सगळं राहिलं. पण खाली तिघांच्या हाताच्या सह्या होत्या, शाईच्या. त्या गेल्या. सह्यांसाठीच घेतली होती त्याने.”

“त्याला काय सांगितलंस?”

“लॉकडाउनमुळे पोस्ट स्लो आहे.”

“बरं केलंस. घरी आला की सांग.”

“आज चार वाजता सगळ्यांनी कॉलवर या, म्हणालेत डॉक्टर. मुलांनाही.”

“अगं...”

“मागच्या बाजूला झाडाचं पान छापलंय. त्याची शीर न् शीर शाबूत आहे. तेवढीच बाजू दाखवेन.”

“आणि उलटी कर म्हणाला तर?”

“कालपासून त्याला बोलता येत नाही, वेंडी.”