कोरडे हात

व्हर्ना: आणि तू त्यांना तोंडावर सांगितलंस, "मी हात धुतले" म्हणून?

डॅनिका: हो, बाई.

व्हर्ना: धुतले होतेस?

डॅनिका: मी स्टेप बोलले. तिसरी स्टेप.

व्हर्ना: मी स्टेप विचारली नाही. पाणी, साबण आणि तुझे हात. या तिघांची आज कुठं गाठ पडली का?

डॅनिका: ...नाही.

व्हर्ना: दार लाव. चादरींच्या खोलीत उभं राहून ओरडायची वेळ आणलीस माझ्यावर. सव्वीस वर्षं झाली मला नर्स होऊन, त्यातली अकरा तुम्हाला शिकवण्यात गेली. सुई उलटी धरणारे पाहिले, रक्त बघून धाडकन पडणारे पाहिले. पण बेसिनसमोर उभं राहून हवेत हात चोळणारी आजच ऐकली.

डॅनिका: खोलीत शिरताना दाराशी जंतुनाशक लावलं होतं मी.

व्हर्ना: त्यानंतर पडदा ओढलास, पलंग वर घेतलास आणि कचऱ्याची टोपली सरकवलीस. हातानं! टोपली कुणी हातानं सरकवतं का गं?

डॅनिका: हे सगळं कुणी सांगितलं तुम्हाला?

व्हर्ना: आयनार थॉर्स्टीन्सननी. चारशे बारा नंबरच्या खोलीतून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "ही पोरगी नळ न सोडता हात धुते, तुमच्या विद्यापीठात जादू शिकवतात का?" इनचार्ज सिस्टरनं ऐकलं. मग मला बोलावलं. मग तू.

डॅनिका: जखमेला हात लागला नव्हता, खरंच. ग्लोव्हज घालून चिकटपट्टीचं टोक सोडवत होते, तेवढ्यात त्यांनी पाय ओढून घेतला.

व्हर्ना: म्हणजे पेशंट सावध होता म्हणून वाचलीस. त्या माणसाची नडगी मासे धरायला बर्फात भोक पाडायच्या गिरमिटानं फाटलीय. एकदा टाके घातले, आत पू झाला, उघडून परत टाके घातले. आता पुन्हा उघडायचं का ते? तुझ्यासाठी?

डॅनिका: अहवाल देणार ना तुम्ही?

व्हर्ना: तीन वाजायच्या आत विभागात पोचायला हवा.

डॅनिका: त्यात कारण म्हणून "विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा" यावर खूण झाली की मी नापास. हे वॉर्डचं प्रशिक्षण पुन्हा पुढच्या जानेवारीत मिळणार. बाई, जूनमध्ये मला डॉफिनच्या दवाखान्यात रुजू व्हायचंय. तिथं एकच सिस्टर उरलीय, गुडघे गेलेत तिचे. माझी वाट बघतेय म्हणून निवृत्त होत नाही ती.

व्हर्ना: हे हवेत हात चोळायच्या आधी आठवायचं होतं.

डॅनिका: मग मला एवढंच सांगा, मी हात धुवायला शिकले कुठं?

व्हर्ना: आवाज खाली.

डॅनिका: नाही, सांगा ना. विद्यापीठातल्या आपल्या सरावाच्या लॅबमध्ये चार बेसिनं आहेत. नळ आहेत, साबणाची बाटली आहे. पाणी कुठंय?

व्हर्ना: खालून पाइप जोडलेले नाहीत, हे तुलाही माहितीय.

डॅनिका: म्हणून पहिल्याच दिवशी तुम्ही काय सांगितलंत? बेसिनसमोर उभं राहा, हात चोळा, मोठ्यानं म्हणा "हात धुतले", पुढं चला. तीन वर्षं तेच केलं. पेशंट म्हणून ठेवलेल्या त्या रबरी पुतळ्यासमोर दोनशे वेळा तरी म्हटलं असेल. परीक्षेत वीसपैकी वीस. शेरा तुमच्याच अक्षरात: "प्रत्येक स्टेप स्पष्ट आणि आत्मविश्वासानं बोलते."

व्हर्ना: पाठ केलायस वाटतं.

डॅनिका: आईनं फ्रिजवर लावलाय.

व्हर्ना: अगं, लॅबमध्ये बोलायचं आणि इथं करायचं, हे काय वेगळं सांगावं लागतं? तिसऱ्या वर्षाला?

डॅनिका: मला माहीत होतं! विचारलं असतंत तर जंतूंची नावं सांगितली असती. पण बेसिन दिसलं आणि तोंडातून आपोआप आलं. ते म्हणाले, "पाणी कुठंय?" आणि बाई, मी परत म्हटलं, "धुतलेत." खोटं नव्हते बोलत मी. मला खरंच वाटत होतं की धुतलेत.

व्हर्ना: चल. आधी त्यांची माफी मागायची. आणि लॅबमधलं ते "तुम्हाला कसं वाटत असेल याची मला कल्पना आहे" हे वाक्य तिथं काढायचं नाही. मला आत्ताच डोकं दुखतंय.

(चारशे बारा नंबरची खोली. आयनार उशीवर पाय ठेवून बसलेत. जेवणाचं ताट तसंच आहे.)

आयनार: या या! जादूगारीण आली. आज गुरूला पण घेऊन आली वाटतं.

डॅनिका: आयनारकाका, तुम्हाला कसं वाटत असेल याची मला...

व्हर्ना: डॅनिका.

डॅनिका: सॉरी. मी हात धुतले नव्हते आणि धुतले म्हणाले. दोनदा. चुकलंच माझं.

आयनार: तीनदा. तिसऱ्यांदा तर हसून म्हणालीस.

डॅनिका: तीनदा.

आयनार: सकाळपासून माझं नाव नि जन्मतारीख चौघींनी विचारली. दुखणं दहापैकी किती, हे पाच जणींनी. एकीनं म्हणून पाय नीट बघितला नाही. काय गं बाई, बोलायला शिकवता का तुम्ही पोरींना? बोलायला माझी बायको आहे ना घरी गिमलीत, ती थकत नाही.

व्हर्ना: चूक हिची आहे, आयनार. पण आमच्या लॅबच्या बेसिनांना पाणी नाही. म्हणून मुलं धुतल्यासारखं करून नुसतं बोलतात. तीच सवय लागली हिला.

आयनार: थांब थांब. बेसिन आहे?

व्हर्ना: आहे.

आयनार: नळ?

व्हर्ना: आहे.

आयनार: आणि पाणी नाही. कधीपासून?

व्हर्ना: नवी इमारत झाली तेव्हापासून. आठ वर्षं.

आयनार: आठ वर्षं तू काय करत होतीस?

व्हर्ना: पत्रं लिहीत होते. आधी दर सत्राला, मग वर्षाला एक. मग ते "मोठ्यानं बोला" सुरू केलं, आणि मग पत्राचं राहूनच गेलं.

आयनार: आणि बादली?

व्हर्ना: कसली बादली?

आयनार: पाण्याची! शेजारच्या बाथरूममधून भरून आणायची. आम्ही तळ्यावर उणे तीसमध्ये सँडविच खायच्या आधी हात धुतो. बादलीत. माझ्या भावाला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, त्याला सुचते बादली. तुम्ही एवढ्या शिकलेल्या बाया, आठ वर्षांत एकीच्याही डोक्यात आली नाही?

व्हर्ना: नियमात बसत नाही. पाणी सांडलं, फरशी ओली झाली, कुणी घसरून पडलं तर...

आयनार: तर दवाखान्यात येईल. इथं सिस्टर आहेत की! हात न धुतलेल्या.

डॅनिका: काका, तुम्ही जेवला नाहीत.

आयनार: राग आला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. हे बटाटे तर एरवीही उतरले नसते.

व्हर्ना: मी ड्रेसिंगला दुसरी मुलगी पाठवते.

आयनार: काही गरज नाही. दुसरी कुठली आणशील? ती पण त्याच बेसिनावर शिकलेली. निदान हिचं काय ते मला माहितीय. पोरी, जा, नळ सोड.

डॅनिका: स्टेप बोलू का?

आयनार: एक शब्द बोलायचा नाही. मला नुसतं पाणी ऐकू दे.

व्हर्ना: मनगटापर्यंत, डॅनिका. नखंसुद्धा.

आयनार: तू पण गप्प बस गं बाई. ...गार आहे का पाणी?

डॅनिका: बर्फ आहे नुसता. गरम यायला वेळ लागतोय.

आयनार: लागू दे. मी काय कुठं पळून चाललोय?

डॅनिका: झालं. ग्लोव्हज घालते. आता पट्टी काढतेय, ओढ बसेल थोडी. ...काका, हे कधीपासून आहे?

आयनार: काय?

डॅनिका: खालच्या दोन टाक्यांपाशी लाल झालंय, आणि ती लाली घोट्याकडे सरकलीय. इथं दाबलं तर दुखतं?

आयनार: आई गं! दुखतं म्हणजे काय!

डॅनिका: बाई, सकाळच्या नोंदीत हे नाही. "जखम कोरडी, स्वच्छ" असं लिहिलंय.

व्हर्ना: बाजूला हो, बघू दे. ...हं. बरोबर आहे तुझं. पेनानं लालीच्या कडेनं रेघ मार, वेळ लिही. मी डॉक्टरांना फोन करते.

आयनार: म्हणजे परत उघडणार का?

डॅनिका: माहीत नाही, काका. आत्ता लक्षात आलंय, कदाचित औषधावर निभावेल. मी डॉक्टर येईपर्यंत इथंच थांबते.

आयनार: थांब. आणि ते बटाटे आण इकडं.

(थोड्या वेळानं, खोलीबाहेर.)

व्हर्ना: आलीस का बाहेर? काय म्हणाले डॉक्टर?

डॅनिका: औषध बदललं. संध्याकाळी परत बघणार. लाली रेघेच्या पुढं सरकली नाही तर उघडायचं नाही म्हणाले. बाई, तीन वाजायला सात मिनिटं आहेत.

व्हर्ना: घड्याळ कळतं मला. लिहून झालंय, सही कर.

डॅनिका: "विद्यार्थिनीनं हात धुतले नाहीत व धुतल्याचं पेशंटला तीनदा सांगितलं." ...तीनदासुद्धा लिहिलंत.

व्हर्ना: मग? घडलं ते लिहिणार. साखर पेरून देणार नाही मी. ती लाली तू शोधलीस, तेही लिहिलंय, पण त्यानं सकाळचं पुसलं जात नाही. तोंड असं पाडू नकोस, खाली वाच.

डॅनिका: "कारण." बाई, तुमची खूण चुकलीय. ही "शिकवण्यातली त्रुटी"च्या चौकोनात पडलीय.

व्हर्ना: चष्मा लावून केलीय मी ती.

डॅनिका: पण यात कुणी कधीच खूण करत नाही!

व्हर्ना: आज केली. तुला प्रात्यक्षिक परीक्षा परत द्यावी लागेल, पुढच्या आठवड्यात, पाणी असलेल्या जागी. नापास झालीस तर मी वाचवायला येणार नाही. पास झालीस तर जूनमध्ये डॉफिनला जा, त्या बाईचे गुडघे मोकळे कर.

डॅनिका: आणि तुमचं काय?

व्हर्ना: मला समितीसमोर बोलावतील.

डॅनिका: बाई, ते विचारतील, इतकी वर्षं तुम्ही मुलांना हे काय शिकवत होतात म्हणून.

व्हर्ना: विचारू देत गं. कुणीतरी विचारावं म्हणूनच तर ती सगळी पत्रं लिहिली होती.