पत्त्यातलं राज्य

अरे, हट्ट बघावा तर आमच्या दत्त्याचा! संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली, राज्य अजून मिळायचं होतं. पण हा गडी आधीच पत्त्यात ते लिहायला लागला होता.

एका सरकारी महामंडळात जागा निघाल्या. दत्त्याचा अर्ज रजिस्टर टपालानेच दिल्लीला धाडायचा, आणि त्या दिवशी निघाला नाही तर वेळेत पोचणार नव्हता. धावतपळत लालबागच्या पोस्टात गेलो, तर खिडकीवरचे कारकून पाकीट बघून म्हणाले, "पाठवणाऱ्याच्या पत्त्यात हे 'संयुक्त महाराष्ट्र' काय? असं राज्य नाही. मुंबई राज्य लिहा."

"होणार आहे," दत्त्या म्हणाला.

"झालं की या."

आत शिपाई टपालाची थैली बांधायला लागला होता. माझा जीव खालीवर! "दत्त्या, खोड ना रे! थैली गेली की नोकरी गेली!"

"नाही खोडणार. चाळीत तोंड कसं दाखवू?"

मागे रांगेत गोंधळ. अर्धे म्हणतायत खोड, अर्धे घोषणा देतायत. शिपायाने तर थैलीला लाख लावायला मेणबत्तीही पेटवली.

कारकुनांनी एकदा थैलीकडे पाहिलं, एकदा दत्त्याकडे. मग शिक्का पॅडवर चांगला दाबला आणि नेमका त्या दोन शब्दांवर धाडधाड हाणला. शब्द काळ्या शाईत पार गडप!

पावती पुढे सरकवत ते हळूच म्हणाले, "तुम्ही खोडलं नाही, मी वाचलं नाही. आता मागे अजून किती जणांनी हेच लिहिलंय ते विचारा. पॅडवर शाई घालून घेतो."