लायसन्स विभागाला शोकपत्र

होसोया : ...आणि तो जर्मनीतला दाढीवाला, त्यानं काय लिहिलंय माहितीये? म्हणे, तीस वर्षं या जुन्या कॉम्प्युटर-सिस्टिमला दिली, आता घरातली सगळी जुनी मशीन भंगारात घालणार आणि फोटो काढून कंपनीला पाठवणार.

कोनोमी : हळू बोला ना काका. आत्ता कुठं डोळा लागलाय उताचा.

होसोया : हळूच बोलतोय. त्याच्या खाली एकशेचाळीस जणांनी लिहिलंय. निम्मे म्हणतात, शाब्बास, दे टाकून. निम्मे म्हणतात, टाकू नको, मला दे.

कोनोमी : चहा घ्या. आणि हे नोझावानाच्या पाल्याचं लोणचं. सासूबाईंनी पाठवलंय. यंदा खारट झालंय जरा.

होसोया : खारटच बरं. माझी सून मीठ मोजून घालते, गेल्या वर्षापासून जिभेला काही कळत नाही. हं, तर मी तुला कंपनीची सूचना छापून आणलीय. थांब, चष्मा. ‘हौशी वापरकर्त्यांसाठीच्या मोफत लायसन्सच्या धोरणात बदल.’ सगळं गोड गोड आहे वर, ते सोडून देतो. ‘एक जानेवारीपासून जुन्या मशीनसाठी नवीन अर्ज घेतले जाणार नाहीत. ज्यांच्याकडे लायसन्स आहे, त्यांना ते पूर्वीप्रमाणे दरवर्षी वाढवून मिळेल. नव्या हौशींना तयार डिस्क देण्यात येईल.’

कोनोमी : तयार डिस्क म्हणजे?

होसोया : दुकानातला तयार डबा. झाकण काढायचं नि खायचं. आत काय घातलंय, का घातलंय, विचारायचं नाही. आणि तो आपल्या मशीनवर चालतच नाही, नवीन कॉम्प्युटर लागतो. लोक त्यावरच चिडलेत. मला विचारशील तर मला रागसुद्धा येत नाही आता. धर्माची गाय होती, दूध दिलं इतकी वर्षं. तिचे दात काय मोजायचे.

कोनोमी : तुम्ही लिहिलंत का तिथं काही?

होसोया : दोन ओळी लिहिल्या. मग पुसल्या. माझं स्वतःचं मशीन मी मुलाकडे राहायला आलो तेव्हाच देऊन टाकलं, लायसन्सही तेव्हाच गेलं. मी कोण बोलणारा? पण आपल्याला काय. तुझ्या बाबांच्या नावावर आहे ना, ते वाढतं. म्हणून तर आज आलो. एप्रिलपासून तुझं ऑफिस, उताचं पाळणाघर, मग तुला कुठली फुरसत. आजच अर्ज भरून टाकू.

कोनोमी : मिकान घेता? गोड संत्री आहेत.

होसोया : नको. अर्ज कुठंय? त्याच्या निळ्या फाइलीत असेल.

कोनोमी : काका, बाबा गेलेत.

होसोया : ते मला माहितीये. मी खांदा बदलायला होतो. नाव त्याचं, मशीन त्याचं, घर त्याचं. खोटं काय आहे त्यात? फक्त तो नाही, एवढंच.

कोनोमी : तसं नाही. कंपनीला माहितीये, ते गेलेत.

होसोया : कंपनीला कुणी सांगितलं?

कोनोमी : मी.

होसोया : तू कशाला सांगशील?

कोनोमी : मी त्यांना शोकपत्र पाठवलं. डिसेंबरात. ‘यंदा घरात सुतक असल्याने नववर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाही, क्षमा असावी.’ बाबांच्या पत्त्यांच्या वहीत त्र्याण्णव नावं होती. उता मांडीवर, दात येत होते तिला तेव्हा, एका हातानं पाठ थोपटायची नि एका हातानं पत्ते लिहायचे. तीन दिवस चाललं होतं. कोणाला लिहितेय हे वाचलंसुद्धा नाही मी. नुसती अक्षरं उतरवत गेले. त्यात तोक्योचा लायसन्स विभागही होता.

होसोया : तो त्यांना नववर्षाचं कार्ड पाठवायचा. मी विसरलोच होतो.

कोनोमी : दरवर्षी. फुकट मिळतं, निदान आभार तरी मानावेत, म्हणायचे. पंचांगातला त्या त्या वर्षाचा प्राणी स्वतः काढायचे.

होसोया : गेल्या वर्षीचा साप मलाही आला होता. साप कसला, आपल्या ओकाया गावचा वाम मासा होता तो. नुसता भाताच्या वाडग्यात घालायचा बाकी.

कोनोमी : हे त्यांचं उत्तर. जानेवारीत आलं.

होसोया : जानेवारीत? आणि आज फेब्रुवारीची बारा.

कोनोमी : माहितीये.

होसोया : वाच तू. माझा चष्मा लांबचा आहे.

कोनोमी : मघाशी तर वाचत होतात.

होसोया : वाच म्हटलं ना.

कोनोमी : ‘आपल्या वडिलांच्या निधनाची वार्ता समजून अत्यंत दुःख झाले. लायसन्स व्यक्तीच्या नावे असल्याने सध्याची मुदत, म्हणजे एकतीस मार्च, संपल्यावर ते वाढवता येणार नाही. नवीन अर्ज बंद झाल्याने कुटुंबीयांच्या नावे देणेही शक्य नाही, याबद्दल दिलगीर आहोत.’ हे छापलेलं. खाली पेनानं लिहिलंय. ‘त्यांची एकवीस कार्डं माझ्या टेबलाच्या खणात आहेत. वाघ सर्वांत छान होता. मी वर विचारून पाहिलं. जमलं नाही. सुगाई.’

होसोया : बाई दिसतेय.

कोनोमी : हो, बाईच असणार.

होसोया : बिचारी. तिनं तुझं शोकपत्र केराच्या टोपलीत टाकलं असतं तर तुझ्या बाबाचं नाव आणखी वीस वर्षं चाललं असतं. तिला नाही जमलं, तुला नाही जमलं. तुम्ही सगळ्या सरळ बायका.

कोनोमी : चिडा हवं तर. रोज सकाळी वाटतं, आज काकांना फोन करू. मग हिचं दूध, मग हिचे कपडे, मग हिचा ताप. आणि खरं सांगू, ती झोपली की मला कुणाशी बोलावंसंच वाटत नाही. भिंतीकडं बघत बसते.

होसोया : चिडत नाहीये. चिडायला अंगात काहीतरी लागतं. क्लबच्या मुनेताला सांगितलंस?

कोनोमी : नाही.

होसोया : हं.

कोनोमी : कसं सांगू? रोज सकाळी सातला त्यांची ओळ येते बाबांच्या मशीनवर, फोनच्या वायरीवरून. एक दिवस चुकत नाही. मी उताला पाजताना पडद्यावर वाचते. आज लिहिलंय, ‘उणे सहा. तळ्याच्या कडेला बर्फ. बटाट्याचं मिसो सूप, काल उरलेलं.’

होसोया : मीही तीच वाचतो, घरून, मुलाच्या कॉम्प्युटरवर, चहा व्हायच्या आधी. ती ओळ दिसली की कळतं, आहे म्हातारा. ऐंशीला आलाय, एकटा. घशाचं ऑपरेशन झाल्याला सहा वर्षं झाली. आवाज गेला तेव्हापासून आपल्या कॉम्प्युटर क्लबच्या बैठकीला आला नाही. एकदा मी दारात गेलो होतो, तर पाटीवर लिहून दाखवलं, ‘घरी जा, रात्री मशीनवर बोलू.’

कोनोमी : त्यांच्या मुलीनं मोबाइल दिलाय ना?

होसोया : खणात आहे तो. म्हणतो, बोटं जाड आहेत. बोटं कसली जाड, चाळीस वर्षं घड्याळाचे स्क्रू बसवलेत त्यानं. त्याला ही सिस्टिम हवी. हिरवी अक्षरं हवीत. इथं त्याला कुणी थकलेला बघत नाही.

कोनोमी : म्हणजे एक एप्रिलला सकाळी सातला ओळ येणार नाही. माझ्यामुळं. एका पोस्टकार्डामुळं.

होसोया : हे बघ, एक उपाय आहे. मोठ्यानं कुणी बोलत नाही, पण अर्धी दुनिया करते. मशीनचं घड्याळ मागं करायचं. गेल्या एप्रिलमध्ये नेऊन ठेवायचं. त्याला वाटतं, अजून वर्ष बाकी आहे. दरवर्षी मागं करत राहायचं.

कोनोमी : माहितीये मला. बाबांना एकानं सांगितलं होतं, तर आठवडाभर बोलले नाहीत त्याच्याशी.

होसोया : तो मीच.

कोनोमी : तुम्ही?

होसोया : सोड. करायचं का?

कोनोमी : गेल्या एप्रिलमध्ये बाबा होते. मेमध्ये गेले. उता जूनमधली. मशीन त्या तारखेला ठेवलं तर त्यात बाबा असतील नि ही नसेल. उद्या मुनेतासानच्या ओळीवर एप्रिलची तारीख पडेल, तळं गोठलेलं नि वर लिहिलेलं एप्रिल. मला ते नाही बघवणार, काका. आणि त्यांना आवडलं नसतं.

होसोया : नसतंच आवडलं. विचारून बघितलं. विचारायला काय जातं.

कोनोमी : र्‍योहेई म्हणतात, मशीन काढून टाकू, उताची खोली करू. त्यांचंही बरोबर आहे, मुलीचे वडील ते. पण गंमत बघा, ती झोपते कुठं? त्याच खोलीत. त्या घरघरीशिवाय झोपतच नाही. जन्मल्यापासून सवय. मागून गरम हवा येते, तिथं तिचे लंगोट वाळतात. बाबांच्या फोटोसमोर लंगोट. मी रोज माफी मागते नि रोज वाळत घालते.

होसोया : त्याला चाललं असतं. त्यानं तिथं मासे वाळवले होते एकदा.

कोनोमी : मग एकतीसच्या रात्री काय होतं? बंद पडतं?

होसोया : बंद कशाला पडेल? तुला बाबानं सांगितलं नाही का? लायसन्स संपलं की ते फोनच्या वायरीवरून कुणाला आत घेत नाही. मला नाही, मुनेताला नाही. पण मशीनसमोर बसून, त्याच्याच कीबोर्डवर हात ठेवणाऱ्याला घेतं. एका वेळी एक माणूस. दुरुस्तीला येणाऱ्यासाठी ठेवलेलं दार आहे ते. कंपनीनंच ठेवलंय, अटींमध्ये लिहिलेलं आहे. चोरी नाही.

कोनोमी : म्हणजे कुणी इथं येऊन बसलं तर चालतं?

होसोया : चालतं. पण इथं कोण येऊन बसणार? मी येईन, दोन स्टेशनं आहेत. मुनेता...

कोनोमी : त्यांना विचारू या ना.

होसोया : सहा वर्षांत दाराबाहेर भाजीपुरता पडलाय तो.

कोनोमी : शनिवारी मी घरी असते. एप्रिलनंतरही. आठवड्यातून एकदा.

होसोया : आणि बाकीचे सहा दिवस? सकाळी सातला?

कोनोमी : तुम्ही रोज सकाळी गरम पाण्याच्या हमामखान्यात जाता ना? त्यांच्याच गल्लीतून.

होसोया : जातो. पावणेसातला.

कोनोमी : मग त्यांनी उठल्यावर वरच्या खिडकीचा पडदा उघडावा. इतकंच. लिहायला नको, बोलायला नको.

होसोया : पडदा. हं. जमेल. त्याला सांगायचं कसं, की मी खालून बघत जाईन? त्याला आवडायचं नाही ते.

कोनोमी : तुम्ही सांगू नका. मी सांगते. चूक माझी आहे.

(आतल्या खोलीत मशीनची घरघर. कोनोमी पाय न वाजवता जाते, कीबोर्डपाशी बसते. होसोया दाराशी उभा.)

होसोया : आहे का तो?

कोनोमी : आहेत. दुपारी दोनला असतातच. हळू. उता कूस बदलतेय. मी लिहिते, वाचते तुम्हाला. ‘मुनेतासान, कोनोमी. बाबांचं लायसन्स एकतीस मार्चला संपतं. वाढणार नाही. मी चुकून कंपनीला शोकपत्र पाठवलं. महिनाभर तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. माफ करा.’

होसोया : काय म्हणतो?

कोनोमी : थांबा. लिहितायत. ‘मलाही ते पत्र आलं होतं. अक्षर तुझ्या बाबापेक्षा चांगलं आहे.’

होसोया : हा म्हातारा.

कोनोमी : ‘मग आता होसोयाची बडबड वाचावी लागणार नाही. काहीतरी भलं झालं.’

होसोया : सांग त्याला, मी इथंच आहे म्हणावं.

कोनोमी : सांगितलं. म्हणतात, ‘माहीत आहे. गुरुवारी तो तुझं लोणचं खायला येतो.’ थांबा, मी त्या दुरुस्तीच्या दाराचं लिहिते. ‘मशीनसमोर बसलं तर चालतं. शनिवारी तुम्ही इथं याल का? काका तुमच्या स्टेशनवर भेटतील.’

होसोया : मी कधी म्हटलं, स्टेशनवर येतो म्हणून?

कोनोमी : याल ना?

होसोया : येईन.

कोनोमी : पडद्याचंही लिहिलं.

होसोया : काय म्हणाला?

कोनोमी : काही नाही. बराच वेळ झाला.

होसोया : गेला असेल उठून. मी म्हटलं होतं तुला. सहा वर्षं... जाऊ दे. नको जोर करूस. जमेल तितकं जमतं. त्याच्या मुलीला मी पत्र लिहीन.

कोनोमी : आलं.

होसोया : काय?

कोनोमी : ‘पडदा ठीक. शनिवारी किती वाजता?’

होसोया : सांग. लवकर सांग, मन बदलेल त्याचं.

कोनोमी : ‘एक ते तीन मला जरा मोकळीक असते. पण तेव्हा उता याच खोलीत झोपलेली असते, मशीनच्या शेजारी. अडचण होईल का?’

होसोया : हे कशाला लिहिलंस? आता तो म्हणेल, बाळाला त्रास नको, राहू दे.

कोनोमी : खरं तेच लिहिलं.

होसोया : सरळ बायका. काय लिहितोय?

कोनोमी : ‘अडचण कसली? माझ्या आवाजानं बाळ उठायचं नाही.’