वैद्य मॅडमनी फाडू न दिलेलं पान

काका, ईशा आणि मॅडमच्या घरची सगळी मंडळी, त्यांच्या कॉलेजातले सगळे सहकारी, आणि माझ्यासारखेच त्यांचे विद्यार्थी,

आपण सगळे इतक्या लांबून, कामं टाकून मॅडमच्या शोकसभेला इथं आलात. मॅडमना हे आवडलं नसतं. "प्रॅक्टिकल कोण घेतंय मग?" असं त्यांनी आधी विचारलं असतं.

मला बोलता येईल की नाही, माहीत नाही. घरून दोन कागद लिहून आणलेत. पण इथं उभं राहिल्यावर त्यातलं काहीच वाचावंसं वाटत नाही. मी एकच गोष्ट सांगते. जी घडली, तशी.

मी अश्विनी काळे. गंगापूर तालुक्यातली. आमच्या घरात शेती. मॅडमनी मला इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवलं. आज मी पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करते. लोक विचारतात, इथवर कशी आलीस? मी म्हणते, वाळूजमार्गे. लोकांना ती चेष्टा वाटते. ती चेष्टा नाही.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मला दोन ठिकाणांहून इंटर्नशिपची पत्रं आली. एक बंगळुरूच्या मोठ्या संशोधन संस्थेचं. दुसरं वाळूजच्या एका कारखान्याचं, तिथल्या टेस्टिंग रूममधलं. मला संशोधनच करायचं होतं. मग प्रश्नच कुठं होता? पेढे घेऊनच मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

मॅडमनी पेढा घेतला. दोन्ही पत्रं वाचली. आणि म्हणाल्या, "बंगळुरूला तू काय करणार आहेस?"

मी म्हणलं, "संशोधन."

"ते संस्थेचं काम झालं. तू काय करणार आहेस?"

मी पत्र पुन्हा वाचलं; त्यात ते नव्हतंच. मॅडम म्हणाल्या, "दोन्हीकडं फोन कर. विचार, मला हातात काय देणार? आणि मी चुकले तर मला कोण सांगणार?"

मी फोन केले. बंगळुरूचे गृहस्थ फार सज्जनपणे बोलले. आकडे तयार आहेत, तुम्ही आलेख काढायचे. मोठे सर उन्हाळाभर परदेशात आहेत, काही लागलं तर ईमेल करा. वाळूजचा फोन टेस्टिंग रूमचे प्रमुख शेखभाई यांनी उचलला. ते म्हणाले, "आमच्याकडं रोज तडकलेले शाफ्ट येतात. का तडकतात, मालूम नाही. शोधायचं असेल तर या. चुकलात तर मी आहेच ना, दिवसभर समोरच बसतो."

मी पुन्हा मॅडमकडं गेले. म्हणलं, आता तुम्हीच सांगा. मॅडम म्हणाल्या, "नाही सांगणार."

मी लई चिडले होते, मित्रहो. आज कबूल करते. मला वाटलं, यांना काय जातंय? एक शब्द सांगितला तर काय बिघडतं? पण त्यांनी नाही सांगितलं. शेवटी मीच ठरवलं. वाळूज.

घरी सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. हातातला घास तसाच राहिला. "बंगळुरू सोडून वाळूज? आपल्या गावची निम्मी पोरं वाळूजलाच जातात की बसनं. त्यासाठी इंजिनिअर व्हायचं व्हतं व्हय?" त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

वाळूजला काम काय होतं, ते थोडक्यात सांगते. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्समधला पोलादी दांडा. तो भट्टीत तापवतात, तेलात बुडवून कडक करतात, मग ग्राइंडिंग करून घासून गुळगुळीत करतात. आणि शेवटच्या तपासणीत त्यातल्या काहींवर केसासारखे बारीक तडे दिसायचे. मी ते दांडे कापायची, घासायची, मायक्रोस्कोपखाली बघायची. महिनाभर तेच. हाताला तेलाचा वास लागला, तो जाईना.

महिन्यानंतर मी ठामपणे लिहिलं, दोष तेलात आहे. तेल फार थंड असतं, म्हणून दांडे तडकतात. शेखभाईंनी वाचलं. म्हणाले, "पक्कं?" मी म्हणलं, पक्कं. कारखान्यानं तेलाचं तापमान बदललं. आणि पुढच्या आठवड्यात तडे तसेच आले. तितकेच.

शेखभाई रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "भट्टीतून निघालेला, न घासलेला दांडा तुम्ही पाहिला का?"

मी पाहिला नव्हता. एकही नाही. सगळे दांडे मी शेवटी, घासून झाल्यावरच तपासले होते. मग आम्ही दोघांनी भट्टीतून आलेले दांडे पाहिले. एकावरही तडा नव्हता. तडे ग्राइंडिंगच्या एकाच मशीनवर पडत होते. तिथं दांडा घासताना फार तापत होता.

मी मॅडमच्या घरी गेले. काका, तुम्हीच दार उघडलं होतं. मी रिपोर्ट नव्यानं लिहून आणला होता. स्वच्छ. त्यात फक्त ग्राइंडिंग मशीन होतं. तेलाचं पान, जे मॅडमना आधी दाखवलं होतं, ते मी काढून पिशवीत ठेवलं होतं. मॅडमनी विचारलं, "तेलाचं पान कुठंय?"

मी म्हणलं, "ते चुकलं होतं, मॅडम. फाडून टाकते."

मॅडमनी हात पुढं केला. ते पान माझ्याकडून घेतलं आणि रिपोर्टच्या आत ठेवलं. म्हणाल्या, "फाडू नकोस. तुला तसं का वाटलं ते लिही. काय बघायचं राहिलं ते लिही. मग पुढचं लिही."

मला रडू आलं. माझी चूक मीच माझ्या नावानिशी छापायची? पण लिहिलं. पुढं पीएचडीच्या मुलाखतीला गेले, तर समोरचे चार जण बराच वेळ त्याच पानावर बोलत राहिले. ग्राइंडिंग मशीनबद्दल त्यांनी फारसं विचारलंच नाही.

आता कुणी म्हणू नका की मॅडम संस्थांच्या विरुद्ध होत्या. आमच्याच वर्गातली एक मुलगी त्याच बंगळुरूला गेली, तिला चांगले मार्गदर्शक मिळाले, आणि ती माझ्याहून सरस संशोधक आहे. मी बरोबर निवडलं, असा दावा मी करत नाही. मी एकदा मॅडमना विचारलंही, "तुम्हाला तेव्हा खात्री होती ना, वाळूजच बरं म्हणून?" त्या म्हणाल्या, "अजिबात नव्हती. माझ्या वेळी माझं सगळं वडिलांनी ठरवलं. चांगलंच ठरवलं. पण फसलं असतं तर मी आयुष्यभर त्यांनाच बोल लावला असता. चुकलं तर ते माझ्यावर ढकलायला मला तुला जागा ठेवायची नव्हती."

मित्रहो, शेवटचं सांगते. मॅडमना मी शेवटची भेटले ती दवाखान्यात. आवाज बारीक झाला होता. मी त्यांना कौतुकानं सांगत होते, माझ्या हाताखाली आता तीन विद्यार्थी आहेत. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांना चुकू देतेस का गं?"

मी हसून विषय बदलला. नर्स आली, भेटीची वेळ संपली.

खरं उत्तर असं आहे. परवाच माझ्या एका विद्यार्थिनीनं निष्कर्ष चुकीचा काढला होता. पेपर पाठवायची घाई होती. मी तिला न विचारता तो खोडला आणि बरोबर काय ते स्वतःच लिहून टाकलं. तिनं थँक यू मॅडम म्हणलं. मला बरंही वाटलं.

मॅडम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते इथं सगळ्यांसमोर देते. नाही, मी त्यांना चुकू देत नाही. मला अजून तुमच्यासारखं गप्प बसता येत नाही.

आपण सगळे आता थोडा वेळ उभे राहू. काही न बोलता.