बारीक अक्षरातली सुवार्ता

...आणि पाळकसाहेब काय करायचे, उपासना संपली की नेमके दारात गाठायचे, माझा हात हातात धरून, अगदी प्रेमाने, "काय चष्मेवाले, या आठवड्यात कुणाला सुवार्ता सांगितलीत?" आता काय सांगणार, कप्पाळ? तुम्हाला सांगतो, मला बोलता येत नाही हो! आमच्या हिचं बरंय, नळ दुरुस्त करायला माणूस आला तर ती त्यालाही येशूबद्दल सांगते, तो पान्हा खाली ठेवून ऐकतो, आणि रविवारी चर्चमध्ये हजर!

मग मी डोकं चालवलं. जवळचं दिसतं का बघायला आम्ही दुकानात एक कार्ड देतो ना, वर मोठी अक्षरं, खाली बारीक बारीक होत गेलेली... त्याच्यावर सुवार्ताच छापून घेतली! गिऱ्हाईक स्वतःच मोठ्याने वाचणार, मी गप्प. वर ठळक, 'देव तुम्हाला विसरलेला नाही.' मग येशूचं क्रुसावरचं मरण, त्याचं पुन्हा उठणं, आणि तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'तुमच्या सगळ्या पापांची क्षमा आहे, मागा आणि घ्या.' तिथवर पोचतंय कोण? "हां हां, दिसतंय," म्हणून लोक मोकळे.

एकदा शेजारचे काका आले. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, लोकांच्या चुका काढल्या, आणि काकू गेल्यापासून स्वतःच्या काढत बसायचे. "शेवटी तिच्याशी धड बोललो नाही रे," हे रोजचं. दोन दिवसांनी मुलीकडे निघाले होते, कायमचे. यांना तरी सांगायला हवं, जीव तुटत होता माझा, पण मला बोलता येत नाही हो! दिलं कार्ड. भिंग बदललं, पुन्हा बदललं...

"मोतीबिंदू पिकलाय रे, तळाचं नाही दिसत. तूच वाच."

कार्ड हातात घेतलं, आणि तळाची ओळ मोठ्याने वाचली.

काका खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "माझीसुद्धा?"

"तुमचीसुद्धा."

त्यांनी डोळे पुसले, खिशातून लाल पेन काढलं, अंदाजानेच तळापासून थेट वरपर्यंत बाण ओढला. "वीस वर्षं शेजारी राहतोस, आणि एवढी गोष्ट सगळ्यात खाली? ही वर घे."

घेतली. काका शांत मनाने मुलीकडे गेले, आणि इकडे माझी शांतता गेली. आता गिऱ्हाईक चष्म्याशिवाय पहिलीच ओळ वाचतं, कार्ड बाजूला ठेवतं आणि खुर्ची पुढे ओढून मलाच विचारतं, "म्हणजे नक्की काय हो?"

...बोलावं लागतं. करता काय?